सर्दीचं औषध, गोळ्या आणि थर्मासभर काढा

विमानतळाच्या दारात मला निरोप द्यायला दोन्हीकडची मिळून डझनभर माणसं आली होती. संदीप लग्नानंतर आठवड्यातच मस्कतला परत गेला होता. माझा व्हिसा दोन महिन्यांनी आला आणि मी ठाण्याहून एकटीच निघाले. आई म्हणाली, "सगळ्यांशी मिळूनमिसळून राहा. परमुलखात माणसंच कामाला येतात." सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कानात सांगितलं, "आता गोड बातमीचाच फोन कर हो!" सगळे हसले आणि मीही हसले. ते हसू आठवलं की आजही माझी मलाच शिसारी येते.

ही गोष्ट २०१३च्या हिवाळ्यातली. तुमच्यापैकी ज्या तिकडे राहिल्या आणि ज्या माझ्यासारख्या इकडे आल्या, दोघींनाही ती ओळखीची वाटेल. मस्कतच्या अल् खुवैर भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खाली फार्मसी, समोर पार्किंग आणि घरात दिवसभर एसीची घरघर. मला इंडियन स्कूलमध्ये केजीच्या वर्गावर नोकरी लागली होती, पण अजून प्रोबेशनवर. कायम होईपर्यंत मूल नको, असं संदीपने आणि मी बसून ठरवलं होतं. मी रोज रात्री जेवणानंतर गर्भनिरोधक गोळी घेत होते. हे आमच्या दोघांत होतं आणि दोघांतच राहायला हवं होतं.

केजीतली मुलं नाक पुसायला टीचरची ओढणी वापरतात. महिन्याभरात माझं नाक वाहू लागलं, घसा सुजला आणि एका सकाळी आवाज साफ बसला. फार्मसीतून पॅरासिटामॉल, खोकल्याचं सिरप आणि चघळायच्या गोळ्या आणल्या. दोन दिवसांत बरी झाले असते.

पण शुक्रवारी शेजारच्या वहिनी विचारपूस करायला आल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ओट्यावर सिरपशेजारी माझं गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. त्यांनी ते उचललं, चष्मा वर करून वाचलं.

"अगं बाई! ही दोन्ही एकत्र घेतेस? सर्दीच्या औषधाने या गोळीचा असर खलास होतो. माझ्या नणंदेचं असंच झालं."

संदीप दारातच उभा होता. त्याचा चेहरा पडला. वहिनींचं पाऊल बाहेर पडायच्या आत सिरप कपाटात गेलं आणि गोळ्या चालू असताना सर्दीवर काय द्यायचं, हे आईला विचारायला त्याने ठाण्याला फोन लावला. तोही स्पीकरवर.

"कसल्या गोळ्या?" सासूबाईंनी विचारलं.

संदीपने माझ्याकडे पाहिलं. माझ्या घशातून नुसती हवा निघत होती. तो म्हणाला, "तिला नोकरी करायचीय ना, आई. म्हणून तिने सुरू केल्यात."

तिने! आम्ही दोघांनी, याच सोफ्यावर बसून ठरवलेलं, एका वाक्यात माझ्या एकटीच्या डोक्यावर. माझ्या पाळीची, माझ्या पोटाची चर्चा माझ्यासमोर चालली होती आणि मी खाटकाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी दाबून बघायच्या कोंबडीसारखी बसले होते. मला त्या दिवशी आजाराची नाही, माणसांची किळस आली.

सासूबाईंनी फर्मान काढलं. गोळ्यांचं नंतर बघू, आधी सर्दीची इंग्रजी औषधं बंद, दोन वेळा काढा. तो वहिनींनी करून थर्मासमधून आणायचा. अडुळसा, सुंठ, पिंपळी, लवंगा आणि वर गूळ. काळाकुट्ट, बुळबुळीत, वर लवंगेच्या तेलाचा तवंग. पिकदाणीत पाहिल्यासारखं वाटायचं. आईने सांगितलं होतं ना मिळूनमिसळून राहायला, म्हणून मी नाक दाबून प्यायले. तीन रात्री जेवण, गोळी, काढा आणि लगेच बेसिनमध्ये उलटी. नाकातूनही काढा यायचा. संदीप पाठ चोळत म्हणायचा, "कफ पडतोय, चांगलं आहे."

चौथ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी टॅक्सी करून क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर मल्याळी बाई होत्या. मी कुजबुजत सगळं सांगितलं, गोळ्यांचं पाकीट आणि सिरपची बाटली पुढे ठेवली. त्यांनी दोन्हींवरची नावं नीट वाचली.

"ये सिरप से पिल को कुछ नहीं होता. पिल लेने के कितनी देर बाद उलटी हुआ?"

"पंधरा-वीस मिनिट."

"तीनों दिन?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "फिर वो पिल लिया ही नहीं, ऐसा समझो."

म्हणजे गोळी वाचवायला जो काढा पाजला, त्यानेच गोळी बाहेर काढली होती. डॉक्टरांनी पुढे काय करायचं, आठवडाभर कोणती काळजी घ्यायची आणि तीन आठवड्यांनी कोणती टेस्ट करायची, ते समजावलं. ते तीन आठवडे मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. रोज वाटायचं, माझ्या पोटाचा निर्णय एका थर्मासने घेऊन टाकला असेल तर? टेस्टमध्ये काही निघालं नाही. मी बाथरूमच्या फरशीवर बसून रडले.

आवाज त्याआधीच परत आला होता, पण मी तो जपून ठेवला होता. त्या संध्याकाळी संदीपपुढे फोन धरला. "आईंना सांग, आपण दोघांनी ठरवलं होतं."

"आता कशाला उकरून काढतेस? झालं गेलं."

"सांग."

तो बाल्कनीत गेला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, "रेंज नव्हती."

आता मुलगी सहा वर्षांची आहे, आम्हाला हवी होती तेव्हा झालेली. ती अडखळत विचारते, "आई, आपला खरा घर कुठे आहे? ठाणे की मस्कत?" दोन्हीकडे आपली माणसं आहेत, असं मी तिला सांगते. खरं उत्तर तिला अजून कळायचं नाही. माझा आवाज बसलेला असताना जिथे माझ्या वतीने कुणी खरं बोलेल, ते माझं घर. मी समुद्र ओलांडून आले, संसार थाटला, भाड्याच्या तीन फ्लॅटना पडदे शिवले. पण त्या घरी मी अजून पोचलेली नाही.