बाबांनी पाहिलेला तमिळ सिनेमा

बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. कुठे जागा निघाली की आमच्या साखरशेत गावाहून जव्हारला यायचं, अर्ज पोस्टात टाकायचा आणि मित्राच्या दुकानात जाऊन बसायचं. दुकान त्याच्या वडिलांचं, शिलाईचं. तोही माझ्याबरोबरच पास झालेला आणि आता काजं-बटणं करत बसलेला.

त्याचा मोठा भाऊ धारावीत कपडे शिवायचा. सोबतच्या तमिळ कारागिराकडून त्याने एका सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट आणली. बेकार पोरांचा सिनेमा आहे, एवढंच त्याने सांगितलं. महिनाभर आम्ही ती गाणी ऐकली. शब्द एकही कळत नव्हता, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या घरी वारली बोलायचे. पहिलीत गुरुजींचं मराठीही मला असंच नुसतं चालीसारखं ऐकू यायचं.

ईदला भाऊ आला तो सीडीच घेऊन. दुपारी दुकानामागच्या खोलीत आम्ही सिनेमा लावला. धारावीत ऐकून ऐकून भावाला तमिळ समजू लागलं होतं, तो अर्थ सांगत होता. मध्येच दारात बाबा उभे दिसले. बाजाराला आले होते, मला शोधत इथवर आले.

"बसा ना बाबा," भाऊ म्हणाला.

ते उंबऱ्याजवळच टेकले. थोड्या वेळाने मला विचारलं, "ह्या पोऱ्याला काय झाला?"

"तेला काम नाय."

पडद्यावर तो मुलगा मुलाखतीहून परत आला होता आणि घरात न जाता बाहेर पायरीवर बसला होता. त्याचा बाप आतून आला, शेजारी बसला. गाणं सुरू झालं.

"बाप काय बोलतो?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. नुसता बसलाय," भाऊ म्हणाला.

 गाणं संपल्यावर बाबा म्हणाले, "परत लाव."

भावाने ते तीनदा लावलं.

 परतताना जीपमधून गावात उतरून घराकडे चालताना बाबा म्हणाले, "मी रोज इचारतो, कागद आला का. तुला वाईट वाटत असल."

"नाय," मी म्हणालो. वाटायचं. संध्याकाळी तो एक प्रश्न टाळायला मी घरी उशिरा जायचो.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही. शिकलेला मुलगा म्हणून तोवर ते मला चिखलात उतरू देत नसत. त्या पावसाळ्यात मात्र भाताच्या आवणीला मला शेजारी घेतलं. माझी रोपं वाकडी लागायची. ते ती सरळ करायचे.

भात कापणीला आला तेव्हा पत्र आलं. मोखाडा तालुक्यात एका पाड्यावर वस्तीशाळा निघाली होती, तिथे शिक्षक म्हणून मला घेतलं होतं. बाबा माझं अंथरूण खांद्यावर घेऊन सोबत आले. शाळेची खोली कुडाची, एका बाजूने उघडी पडलेली. पाड्यातल्या माणसांकडून कारवीच्या काठ्या मागून आणून त्यांनी ती बाजू दोन दिवसांत बांधून काढली. मुलं सगळी आमचीच बोली बोलणारी. ती बाबांभोवतीच जमायची, माझ्याकडे फिरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने ते निघाले. जाता जाता मुलांना म्हणाले, "आता ह्याचा ऐका."