जिनाच्या भिंतीवरचं तांबं

तांबटाच्या दुकानात दिवसभर ठोकाठोकी. कानात बोलाची सोयच नाही, समदं ओरडून! म्हनून आमच्यात गुपित टिकत नाही बाप्पा, किस्सेच साचतात. मी अन् रहीमचाचा नांदुऱ्यात हंडे ठोकत होतो ना, तवाचे हे. इंग्रजाच्या राज्यातले.

*

आबाजी पाटलानं कापसातली सरकी काढाच्या जिनाची सिमिटाची नवी बिल्डिंग बांधली. तिच्या भिंतीवर तांब्याचं चित्र पायजे म्हनून मुंबईहून आर्टिस्ट आनला. विनायकराव नाव. पोरगेलासा, त्याचं पह्यलंच मोठं काम.

आमाले म्हने, "पत्रा मागून ठोकायचा. मग पुढे चित्र उठतं."

मी म्हनलो, "मागून ठोकाचं? ते तं माही सासू लय चांगलं करते!"

*

पत्रा दाराएवढा. एक बाई दुकानात डोकावली.

"अवो माय! एवढी मोठी परात! कोनाकडं लगन हाये?"

विनायकराव म्हने, "परात नाही, बाई. कला आहे ही."

"असन. पन घासाले किती जनं लागतीन?"

*

चित्रात कापूस वेचनाऱ्या तीन बाया. विनायकरावाले पाहून काढाले वाकून उभं कोन राह्यन? मी रहीमचाचाले लुगडं नेसवलं! दाढीवाली बाई उन्हात वाकून उभी! तेवढ्यात चाची भाकर घेऊन आली. पाह्यत राह्यली, मंग म्हने, "घरी तं कधी वाकत नाही हा मानूस!"

*

आबाजी पाटील पाहाले आला. "नाक-डोये कुठी हायेत?"

"पाटील, ही मॉडर्न शैली. चेहरा लागत नाही."

"बिना तोंडाच्या बाया?"

मी म्हनलो, "म्हनून तं काम होऊन राह्यलं, पाटील!"

पाटील हासला नाही. "उद्घाटनाले माही माय येऊन राह्यली. तिले नाही पटलं तं उतरवा, अन् हंडे करा याचे!"

विनायकरावाचं तोंडच उतरलं. चाचा म्हने, "सायेब, एक-एक नाक काढून देऊ का?"

"नाही."

पोरगं अडलं, पन हटलं नाही!

*

उद्घाटनाच्या दिवशी पत्रा जिनात नेला, कापसावर पालथा ठेवला. पाटलाचा बैल सुटला अन् सिधा त्याच्यावर पाय देऊन गेला! उलटून पाह्यतो तं मधल्या बाईच्या पाठीवर हे एवढं टेंगूड! विनायकराव कापसातच बसला. चाचानं हातोडी काढली, पन फाटकाशी बाजा वाजला. तसंच चढवलं भिंतीवर.

माय आली. कंबरेत वाकलेली. चित्राजवळ गेली.

पाटील म्हने, "माय, बायाइले नाक नाही."

"वाकल्यावर नाक कोनाले दिसते रे?"

मंग तिनं मधल्या बाईवरून हात फिरवला. "आबा, हे मी व्हय." टेंगडावर हात थांबला. "अन् हा तू. असाच पाठीशी बांधून वेचाले जात होती तुले."

पाटलानं टेंगूड चाचपलं, मंग सोताचं डोकं चाचपलं. डोये पुसले.

"विनायकराव! बराबर मीच हाओ हो! तुमाले कसं समजलं?"

विनायकरावानं माह्याकडं पाह्यलं. मी चाचाकडं पाह्यलं. चाचानं बैलाकडं.