काकांची दुपारची झोप

शेजारच्या रिटायर्ड काकांना दुपारची झोप जिवापाड प्यारी. वैशाखात डोळा लागला, की अंगणातल्या कडुलिंबावरचे किडे किर्रर्र सूर लावायचे. काका बनियनवरच उठून बांबूने झाड बडवायचे. "काहून कोकलून राहिले बे!"

एकदा त्यांना बुंध्याशी भोकं दिसली. "इथूनच निघून राहिले गा हे!"

वर्षानुवर्षं जमिनीखाली अंधारात मुळांचा रस पिऊन वाढलेले ते जीव, थोड्या दिवसांच्या गाण्यासाठी वर येतात. या माणसानं अंगणभर, पार बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं. जिवंत गाडले सगळे!

पुढल्या वैशाखात काकांनी शांतता ऐकायला मला मुद्दाम बोलावलं. "येते का गा आवाज?" हेही ओरडून विचारावं लागलं, कारण खिडकीत नवा कूलर ट्रकसारखा घरघरत होता.

त्या घरघरीत त्यांना गाढ झोप लागते म्हणे!