सुमित्राची हिस्टरी

"आजाराचं नाव तेवढं बरोबर आहे का बघा, बेन. बाकी पुस्तक तयार आहे," असं म्हणत मोहितेभाईंनी हस्तलिखित माझ्यापुढे सरकवलं. बडोद्यात मराठी पुस्तकं छापणारे जे थोडे लोक उरलेत, त्यांतले ते एक. मी निवृत्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. यजमान गेल्यापासून फारशी बाहेर पडत नव्हते. काहीतरी काम हवं, म्हणून हो म्हटलं.

भयकादंबरी होती. सावली गावाच्या वाटेवर एकटा बंगला आणि त्यात सुमित्रा नावाची विधवा. ती गेलेल्या नवऱ्याशी बोलते, त्याच्या आवाजात स्वतःलाच उत्तरं देते. पेइंग गेस्ट म्हणून राहिलेल्या मुलीचा शेवटी खून करते. का, ते एक डॉक्टर येऊन सांगतो : स्किझोफ्रेनिया.

मी मोहितेभाईंना फोन केला. "एकात दोन माणसं असणं म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. त्यात भास होतात, विचारांचा सांधा निखळतो. माझ्याकडे यायचे ते बहुतेक पेशंट कोणाला घाबरवत नव्हते, तेच घाबरलेले असायचे."

"मग दुसरा आजार द्या ने! खुनाला कारण तर पाहिजे. कारण नसेल तर मी छापत नाही."

लेखिका केतकी रविवारी माझ्या वासणा भागातल्या घरी आली. वाघोडियाच्या औषध कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी. पहिलंच पुस्तक. चेहरा उतरलेला.

"मॅडम, कुठलाही आजार चालेल. मी त्याची लक्षणं घालते."

"मेनूकार्ड आहे का ग ते?"

ती हसली, पण डोळे भरले होते.

आमच्यात आधी हिस्टरी घेतात. म्हणजे पेशंटच्या घरच्यांना साधे प्रश्न विचारायचे. झोप कशी, जेवण कसं, दिवस कसा जातो. मग आजाराच्या नावाचा विचार. सुमित्राला तपासता येणार नव्हतं. मी केतकीलाच तिची नातेवाईक धरलं.

"जेवते का नीट?"

"जेवते. वरणात आता मिरची घालते. त्यांना चालायची नाही."

"झोप?"

"चांगली आहे. पण पलंगाच्या एका कडेलाच झोपते."

"चादर कधी बदलते?"

हा प्रश्न मी का विचारला, मला ठाऊक होतं. केतकीला ठाऊक नव्हतं. तरी ती क्षणभरही थांबली नाही.

"बदलतच नाही. त्यांचा वास जाईल ना."

मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. या मुलीचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. जे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते तिला कोणी सांगितलं?

परत येऊन विचारलं, "हे कादंबरीत कुठे आहे?"

"नाही घातलं. यात भीतिदायक काय आहे, मॅडम?"

"ती पेइंग गेस्ट मुलगी कशी आहे स्वभावाने?"

"खूप प्रेमळ. सुमित्रा आजारी पडते तेव्हा सगळं घर तीच आवरते, कपडे धुते..."

केतकीचा हात तोंडावर गेला. इतकी वर्षं लोकांच्या मनांशी काम केलं, पण एखाद्या लेखिकेच्या डोक्यात पूर्ण माणूस तयार असतो आणि तिलाच त्याचा पत्ता नसतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"चादर," ती हळूच म्हणाली. "त्या मुलीने चादर धुतली."

डॉक्टरचं प्रकरण तिने काढून टाकलं. नवं प्रकरण घेऊन आम्ही दोघी मोहितेभाईंकडे गेलो. त्यांनी ते आमच्यासमोरच वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आजाराचं नाव कुठे आहे?"

"आजार नाहीच आहे," मी म्हटलं. "नवऱ्याशी बोलणं हा आजार नसतो. पुष्कळ जणी बोलतात. खून तिने केला, तो तिचा गुन्हा."

"पण हे तर जास्त भयंकर झालं, बेन."

"हो."

त्यांनी पानं नीट जुळवून ठेवली. मग केतकीला म्हणाले, "चालो, छापू या. डॉक्टर सुटला बिचारा."

निदानाचा उपयोग औषध ठरवायला होतो. माणसाने असं का केलं, हे त्यातून कळेलच असं नाही. ते त्याच्या घरच्यांना विचारावं लागतं. आणि त्यांना माहीत असलं, तरी नेमका प्रश्न विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.