आईच्या पलंगाखालचा फराळ

त्या दिवाळीला पुण्याचं सगळं गणगोत आमच्या नोएडाच्या फ्लॅटवर उतरलं आणि आई नेमकी तापाने आडवी झाली. पहिल्या आंघोळीआधी फराळाला कुणी हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. म्हणून डबे तिच्याच पलंगाखाली. एरवी कुणाच्या दुखण्याकडे ढुंकूनही न बघणारी आमची माणसं सारखी तिची विचारपूस करायला आत जायची आणि गाल फुगवून बाहेर यायची. विचारलं तर एक बोलेल तर शपथ! शेवटी बाबा गेले. एक हात आईच्या कपाळावर, दुसरा पलंगाखाली. आई डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, ताप कपाळाला असतो, पलंगाखाली नाही. आता हात घातलाच आहे, तर मलाही एक चकली द्या."