चौदा वितींचं फाटक

माझ्या घराच्या फाटकाला कुलूप असतं आणि लोक बाजूच्या फटीतून आत येतात. दूधवाला, कुत्रं, शेजारचे काका (ते जरा तिरपे होऊन), सगळे.

महाल नावाच्या जुन्या वस्तीत बाबांचं लोहारकामाचं दुकान होतं. भट्टीत लोखंड तापवून ते त्याची पानं, फुलं, वेली करायचे. तिथल्या जुन्या घरांचे कितीतरी कठडे त्यांच्या हातचे. टेप त्यांनी कधी वापरला नाही. गिऱ्हाइकाच्या दारात जायचं, वितीने मोजायचं, आणि फाटक चपखल बसायचं. मी मात्र सदर भागातल्या ऑफिसात कागद सरकवणारा निघालो. हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा मला एकच हवं होतं, दारात बाबांच्या हातचं फाटक. त्यानंतर ते भट्टी विझवणार होते.

त्यांचे गुडघे दुखत होते. म्हणाले, "माह्याच्यानं येनं होत नाही. तूच मोजून आन. वितीनं."

मी ऐटीत मोजलं (लोहाराचा पोरगा ना!) आणि सांगितलं, "चौदा विती, बाबा."

दोन महिने खपून त्यांनी फाटक केलं. वास्तुपूजेच्या दिवशी पाहुण्यांसमोर ते चढवलं. काय ती वेल, काय ते मोर! आणि पलीकडचा खांब यायच्या आधीच फाटक संपलं.

"आखूड काहून पडलं जी?" आईने बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनाच्या वितीनं मोजलं गा?"

"माह्या."

"अन् बनवनार कोन होतं?"

त्यांनी माझा पंजा धरून आपल्या पंजाला लावला. माझी वीत बोटभर मोठी! जन्मभर हातोडा धरून त्यांची बोटं सरळच होत नव्हती. त्या हातांच्या कमाईवर मी वाढलो आणि मला हे माहीत नव्हतं. पाहुणे हसले, मीही हसलो, पण मनातून फार लाज वाटली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तेवढ्यात एक वेल बसवून देतो. पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात त्यांनी अंथरूण धरलं, आणि मग ते गेलेच.

आता दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. महालातून जाताना मी अजून घणाचा आवाज ऐकायला थांबतो आणि मागचे हॉर्न ऐकून निघतो. वेल्डिंगवाला अर्ध्या तासात फट बुजवून देतो म्हणतो. मी त्याला सहा वर्षं टाळतो आहे. मला बाबांचीच वेल हवी आहे, आणि ती येणार नाही हे मला कळतं.

परवा बायकोने हट्टच धरला. "चोट्टे शिरतीन एखाद्या दिवशी. निदान माप तरी घ्या."

मी पंजा ताणून वितीने मोजलं. तेव्हा दीड वीत असलेली फट आता पावणेदोन भरली.

"फट वाढली का?" तिने विचारलं.

फट तेवढीच होती. बाबांची बोटं हातोडा धरून आखडली, माझी मोबाइल धरून!