आईला सांगितलेलं पाप

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसांसमोर मी आजवर शहाणाच ठरलो आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. बाबा वनखात्याच्या नोकरीपायी कोकणातून आरमोरीला आले. तालुक्यात आमचं एकच घर. बाबा वारले तेव्हा आई बेचाळीस वर्षांची होती, आणि मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. दोन वर्षांनी नागपूरहून तिला मागणी आली. आमच्याच समाजातले बिजवर, शांत गृहस्थ. आई हो म्हणाली नाही. पण त्या आठवड्यात तांदूळ निवडताना ती गुणगुणत होती. मी ते ऐकलं — ऐकलं नाही असं कसं म्हणू?

घरात हिब्रू वाचणारा मी एकटा. म्हणून तिने मलाच विचारलं, "तू पुस्तक वाचतोस. आपल्यात चालतं का रे?"

चालतं. आमच्या धर्मात विधवेने पुन्हा लग्न करायला आडकाठी नाही. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "पाप आहे."

कुठून आणलं मी हे पाप? आमच्या गल्लीतून. तिथे विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नसत, आणि तिथली चार मानाची घरं मला नुकतीच 'सर' म्हणू लागली होती. ती काय म्हणतील, एवढीच भीती. आणि गाव तरी कुठे एका मताचं होतं? आम्हाला खवल्यांचीच मासोळी चालते, हे लक्षात ठेवून तीच निवडून आणणारी मासेवाली पार्बताबाई ओसरीवर बसून आईला म्हणाली होती, "काऊन नाई म्हणता, बाई? आमच्यात तं पाट लावतेत, दुसरा संसार करतेत. त्याले कोण पाप म्हणते?" मी तिला दारातूनच गप्प केलं. मला तिच्या पंगतीत बसायचं नव्हतं — खरं ते हे.

आईने नकार कळवला. गुणगुणणंही थांबलं.

मग उपासाचा दिवस आला. वर्षातून एकदा आम्ही दारं लावून, पांढरे कपडे घालून, अन्नपाण्याविना देवाकडे पापांची क्षमा मागतो. मी मोठ्याने वाचत होतो. दुपारी आई शेजारी उभी राहून मराठीत पुटपुटली, "देवा, माझ्या मनात लग्न आलं, तेवढं माफ कर."

मी वाचत राहिलो. आवाजसुद्धा कापला नाही.

एकतीस वर्षं ती दर उपासाला हेच मागत राहिली. माणसाचा अपराध केला तर त्याच माणसाकडे जावं लागतं, नुसत्या उपासाने तो फिटत नाही — आमचा धर्म हेही सांगतो. मला तर एक पाऊलही टाकावं लागणार नव्हतं. ती शेजारीच उभी असायची. मागच्या वर्षी आई गेली. शेवटच्या उपासालाही तिने ती माफी मागितली, आणि मी आमेन म्हणालो.